ओकरिमताईच्या मरणाचा निरोप

बुनीताईला कोणी फसवू शकत नाही, हे आमच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण बुनीताई ते रोज सांगते. कोरियाच्या किनाऱ्यावरच्या मोकपोच्या मासळीबाजाराच्या तोंडाशीच तिचं तोंडीलावण्यांचं दुकान आहे. त्याला लागून माझा तांदळाच्या वड्यांचा गाळा, आणि समोर जमसूनची मासळी. गेल्या वर्षी पोलिसांनी ज्येष्ठांच्या केंद्रात फसव्या मेसेजवर भाषण दिलं, तेव्हापासून बुनीताईला जगात एकही गोष्ट खरी वाटत नाही. लग्नाचं आमंत्रण, पार्सलचा पत्ता, वाहतुकीचा दंड, सगळ्यामागे तिला चोर दिसतो. तिच्या मुलाने एकदा लिहिलं, "आई, फोन फुटला, मित्राच्या फोनवरून लिहितोय." हिने उलट विचारलं, "तुझ्या ढुंगणावर तीळ कुठल्या बाजूला आहे?" तो खरोखरच मुलगा होता आणि मित्र शेजारीच उभा होता. पुढे कितीतरी दिवस तो आईशी धड बोलला नाही.

किमची घालायचे दिवस होते. दुकानांपुढे कोबीचे ढीग लागले होते आणि आमचे हात मिठाने फाटले होते. अशात एका सकाळी आम्हा तिघींचे फोन एकदमच वाजले.

"माझी आई प्यो ओकरिम हिचं आज पहाटे निधन झालं. अंत्यविधीचं ठिकाण खाली पाहावं." खाली निळ्या अक्षरांची लिंक होती. आणि निरोप आला होता ओकरिमताईच्याच नंबरवरून.

आता यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडे आई गेली की मुलं आईच्याच फोनवरून सगळ्यांना कळवतात. त्यांच्याकडे आमचे नंबर कुठून असणार? ओकरिमताई आमच्यात सगळ्यांत मोठी. वसंतात गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिने गाळा सोडला आणि टेकडीवरच्या घरात एकटीच राहायला लागली. मुलगी तिकडे बुसानला, आणि तिचा नंबर आमच्यापैकी एकीकडेही नव्हता.

जमसूनने लगेच डोळ्यांना पदर लावावा तसा रबरी एप्रन लावला. "गेली गं माझी ताई!"

"थांब, रडू नकोस. आणि दाबू तर मुळीच नकोस," बुनीताईने चष्मा चढवला. "यात अंत्यविधीच्या हॉस्पिटलचं नाव नाही, दालनाचा नंबर नाही. प्रेत कधी हलवणार ते नाही. मुलीने स्वतःचं नावसुद्धा घातलं नाही. खरा निरोप सगळं तिथल्या तिथे सांगतो. हा म्हणतो, आधी आत या, मग सांगतो. ही चोराची रीत."

"पण नंबर ताईचाच आहे ना!"

"नंबर ताईचा. बोटं कोणाची?"

तिने ताईला फोन लावला. बंद.

"बघ, बंद आहे," बुनीताई म्हणाली.

"मेलेली बाई फोन उचलते का?" जमसून म्हणाली. "बुनीताई, तिसऱ्या दिवशी सकाळी तिला नेतील गं. खरं असलं आणि आपण गेलो नाही, तर कुठल्या तोंडाने जगायचं? माझा नवरा गेला तेव्हा तिन्ही दिवस ती माझ्या पाहुण्यांना रस्सा वाढत उभी होती. त्या तसल्या गुडघ्यांवर!"

तेही खरंच होतं. बुनीताईने मग चौकशीच्या नंबरवरून गावातल्या हॉस्पिटलांच्या अंत्यविधीच्या दालनांचे फोन मिळवले आणि एकेक लावला. प्यो ओकरिम नावाचं कोणी कुठेच नव्हतं.

"मुलीने बुसानला नेलं असेल," जमसूनचं चालूच.

"विमानाने नेलं असेल! डोकं वापर. दाबलंस तर तुझा फोन त्यांच्या हातात जाईल, आणि फोनमध्ये तुझी बँक आहे." बुनीताईने ताईचा नंबर ब्लॉक केला आणि बाजाराच्या ग्रुपवर लिहिलं: "खोटं आहे. कोणीही दाबू नका." सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीही दाखवला.

दुपारी पुन्हा सगळ्यांचे फोन वाजले. या वेळी जमसूनच्या नंबरवरून तिच्या आईच्या निधनाची बातमी होती; म्हणजे तिने दाबलंच होतं. त्या म्हातारीच्या अंत्यविधीला आम्ही सगळ्या पोटभर जेवून आलो होतो, त्याला वीस वर्षं उलटली. बाजार हसून हसून बेजार झाला. एकाने तर उत्तर लिहिलं, "पुन्हा गेल्या का? बिचाऱ्या!" जमसूनचा मुलगा धावत आला, त्याने बँक बंद करवली, फोन बंद करवला आणि आईला सगळ्यांदेखत झापलं. पैसे वाचले. दुसऱ्या दिवशी तिचा गाळा उघडला नाही.

"लाजेने घरात बसली असेल," बुनीताई म्हणाली. "पोलिसांचं भाषण ऐकताना मान डोलवायची, आणि वागायचं आपल्या मनासारखंच."

पण त्या दिवशी मुळा चिरता चिरता ती आपणहून म्हणाली, "ताई जिवंतच आहे." मी काही विचारलं नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "चांगली ठणठणीत असेल."

"मग जाऊन येऊ या का?"

"कशाला? खोटं होतं हे सिद्ध झालं ना? आणि हा कोबी मिठात कोण घालणार, तुझा सासरा?"

खरं सांगायचं तर टेकडीच्या पायऱ्या मलाही नको होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी बुनीताई दुकानात आली ती काळा कोट घालून. "थंडी आहे," ती म्हणाली. तिच्या पिशवीत वाळवलेल्या मुळ्याचा डबा होता, आणि डब्यामागून अंत्यविधीला पैसे घालून द्यायच्या पांढऱ्या पाकिटाचा कोपरा दिसत होता. कोट मीही काळाच चढवला होता. तिने विचारलं नाही.

टेकडीच्या पायऱ्या चढताना मात्र तिला राहवेना. "चोराचा निरोप खोटा, ते ठीक. पण म्हणून बाई जिवंतच असेल, असं कुठे आहे? एकटी राहते. पडली असेल तर? फोन त्यांच्याकडे, हाक कोणाला मारणार?"

"हे परवा का नाही सुचलं?" मी विचारलं. ती पायऱ्या भराभर चढायला लागली.

ओकरिमताईच्या दारापाशी आलो आणि दोघी थबकलो. आतून युक्केजांगचा वास येत होता. गोमांसाचा तो लाल, तिखट रस्सा अंत्यविधीला येणाऱ्यांना वाढतात. आतून बायकांचं हलक्या आवाजातलं बोलणंही ऐकू येत होतं. बुनीताईने पिशवीतून पाकीट बाहेर काढलं. "गेली गं," ती म्हणाली. "खरंच गेली आणि मी तिला ब्लॉक केलं."

दार उघडलं. काठीला टेकून ओकरिमताई उभी होती.

तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काळं घालून आलात. म्हणजे तुमचीही खात्री नव्हतीच. या, रस्सा तयार आहे."

आत जमसून मांडी घालून जेवत होती. ज्या दिवशी बाजार तिला हसत होता, त्याच संध्याकाळी ही बाई काळे कपडे घालून, पाकीट घेऊन, रडत रडत टेकडी चढून आली होती. निरोप खोटा आहे असं मुलाने ओरडून सांगितलं तरी, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला चैन पडेना. तेव्हापासून ती इथेच होती.

"माझ्या अंत्यविधीला एवढी एकच पाहुणी आली," ओकरिमताई वाडगे भरत म्हणाली, "तिला रस्सा नको का करायला?"

"ताई, तुझा फोन गेलाच कसा?" बुनीताईला आपला विषय सापडला. "काय दाबलंस?"

"पार्सल. पत्ता चुकलाय, इथे दाबा, असं आलं होतं."

"अगं, पण तू काही मागवलं होतंस का?"

"नव्हतं मागवलं. मला वाटलं, कोणीतरी मला काहीतरी पाठवलंय."

ओकरिमताईने वाडगा बुनीताईपुढे ठेवला आणि समोर बसली.

"तुला कधी कळलं निरोप खोटा आहे ते?"

"वाचल्याबरोबर," बुनीताई म्हणाली, पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता.

"हुशारच आहेस तू. जमसूनला वाटलं मी मेले, म्हणून ती आली. तुला माहीत होतं मी जिवंत आहे, म्हणून तू आली नाहीस."

बुनीताई मान खाली घालून रस्सा खायला लागली. मी चमचा खाली ठेवला, कारण वसंतापासून मीसुद्धा या दारात पाऊल टाकलं नव्हतं.

वाडगा रिकामा करून बुनीताई म्हणाली, "नवा फोन घे. नंबर बदल. मी तुला रोज लिहीन."

"आणि मी उलट काही पाठवलं तर? तुला ते खरं वाटेल?"

बुनीताईने खरोखर विचार केला. खोटं बोलणं तिला जमत नाही. "नाही वाटणार."

"मग फोनचं राहू दे," ओकरिमताईने तिच्या वाडग्यात आणखी रस्सा ओतला. "तू दारातच येत जा."