बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कागद कापायची नव्हे, बरं का! तुमच्या दप्तरात असते ती माझी धाकटी, जरा उनाड बहीण. मी शिंप्याची कात्री. अंगाने जड, पात्याने लांब आणि स्वभावाने, लोक म्हणतात, थोडी ताठ. असेन. जन्मभर सरळ रेषेत चालणाऱ्याला थोडा ताठा येतोच.

माझा जन्म भट्टीत झाला. लोखंड तापवून, ठोकून, घासून माझी दोन पाती केली आणि एका स्क्रूने त्यांची गाठ बांधली. एकटे पाते म्हणजे नुसती पट्टी. दोघांनी एकमेकांना घासून चालायचे, तेव्हा कुठे कापड कापले जाते. पुढे एका शिंप्याने मला विकत घेतले. घेण्याआधी त्यांनी मला कानाशी धरून उघडले, मिटले, पुन्हा उघडले. माझा आवाज त्यांना आवडला असावा, कारण त्यांनी भाव न करता मला पिशवीत टाकले.

त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी मला आपल्या मुलीला दिले. पण हातात नाही दिले. आमच्या धंद्यात कात्री हातातून हातात देत नाहीत. देणाऱ्याने ती टेबलावर ठेवायची आणि घेणाऱ्याने आपल्या मनाने उचलायची. त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "उचल. आणि एक लक्षात ठेव. हिला कापडाशिवाय काहीही लावायचं नाही. कागदसुद्धा नाही."

मुलीने मला उचलले. तीच माझी मालकीण. सारी गल्ली तिला मापकाकू म्हणते, कारण समोरच्या माणसाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले की काकूंना त्याचे माप कळते. टेप त्या लावतात, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. एकदा एका जाड गृहस्थाने पोट आत ओढून माप दिले. काकू शांतपणे म्हणाल्या, "श्वास सोडा हो. शर्ट जेवतानाही घालायचा आहे ना?"

आमचे दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेली एक खोली. खिडकीखाली कापड बेतायचे लांब टेबल, दोन शिलाई मशीन, भिंतीवर आरसा आणि फळीवर पत्र्याचा एक डबा. त्यात बटणे. काकूंसोबत त्यांची नणंद काम करते. काज, बटणे, तुरपाई हे खाते तिचे. काकू तिला वन्सं म्हणतात, ती त्यांना वहिनी म्हणते, आणि दिवसभरात दोघींचे निदान एकदा तरी वाजते. बहुतेक वेळा ते उरल्यासुरल्यावरून असते. काकू काही म्हणून टाकत नाहीत. बोटभर चिंधी असो, तुटकी चेन असो, एकुलते एक बटण असो, सगळे ठेवायचे. "उरलेलं कधी ना कधी लागतं," हे त्यांचे ब्रीदवाक्य. "लागेल तेव्हा सापडेल का?" हे नणंदेचे उत्तर.

ती माझी उमेदीची वर्षे होती. काकूंचा हात आणि मी, आमचे बोलणे न बोलता चाले. कापडावर खडूची रेघ उमटली की मी निघालेच. गिऱ्हाइके म्हणत, "काय हात आहे हो काकूंचा!" माझे नाव कुणी घेत नसे, पण मी ते कौतुक निम्मे माझे समजून घेई.

मग काकूंच्या छातीत गाठ निघाली. स्तनाचा कर्करोग. दुकान बंद राहिले आणि मी खिळ्याला लटकले. माझ्या पात्यावर धूळ बसली. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले, काकूंचे केस गेले आणि पुन्हा आले. त्या परत आल्या तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एक गोळी लावून दिली होती. त्यांचा आजार शरीरातल्या एका संप्रेरकावर पोसत होता. ही गोळी त्याची रसदच तोडायची. रोज एक, आणि अशी काही वर्षे.

गोळीने तिचे काम केले, पण मोबदला बोटांकडून वसूल केला. सकाळी काकूंची बोटे मिटत नसत. त्या कोमट पाण्यात हात बुडवून बसत, मग मला उचलत. काम करता करता एकदम अंगातून वाफ निघे, चेहरा लाल होई, मानेवर घाम येई. त्या पदराने वारा घेत आणि गिऱ्हाइकाला सांगत, "खोली जरा कोंदट आहे." खोली कोंदट नव्हती, मित्रांनो. पण कर्करोगातून उठलेल्या बाईने बोटांची तक्रार करावी, हे त्यांना कृतघ्नपणाचे वाटे. जीव वाचला, वर आणखी काय हवे, असे लोक म्हणतील, असे त्यांना वाटे. त्या सगळे दुखणे अंगावर काढत राहिल्या.

आणि एके दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "झाला कोर्स. आता गोळी बंद."

नणंदेने त्या दिवशी दुकानात गाणे लावले. "सुटलात वहिनी! आता बघा, आठवड्यात बोटं कशी लोण्यासारखी होतात." काकू हसल्या. पण खिडकीशी उभ्या राहून त्या जे हळूच बोलल्या, ते फक्त मी ऐकले. "दाराची कडी काढून घेतली आणि म्हणतात, निवांत झोपा."

आठवडा गेला, महिना गेला. बोटे लोण्यासारखी झाली नाहीत, उलट जास्तच आखडली. वाफा थांबल्या नाहीत. काकूंना कशानेही रडू येऊ लागले. एका लहान मुलीच्या झग्याची बाही बेतताना त्या इतक्या रडल्या की खडूची रेघ पुसून गेली. त्यातच पाठ दुखू लागली. मन चिंती ते वैरी न चिंती. काकूंनी मनात ठरवून टाकले की आजार परत आला आहे, आणि या वेळी हाडांत शिरला आहे.

डॉक्टरांनी त्यांना आधी काही समजावले नव्हते का? समजावले होते. पण "बंद" हा शब्द कानावर पडल्यावर काकूंनी पुढचे काही ऐकलेच नव्हते.

आता मी तुम्हाला सर्वांत वाईट दिवसाची गोष्ट सांगते. नणंद बाजारात गेली होती. काकूंनी कपाटातून गोळ्यांची एक पट्टी काढली. मध्यंतरी तापात काही दिवस गोळ्या थांबवल्या होत्या, त्या उरल्या होत्या. उरलेले टाकायचे नाही, ही जन्माची सवय! अख्खी पट्टी लपवायची कुठे? नणंदेच्या नजरेतून काही सुटत नाही. काकूंनी धागे कापायची छोटी कात्री शोधून पाहिली. ती नणंदेच्या पिशवीतून बाजारात गेली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

माझा विश्वास बसेना. त्यांनी मला उचलले आणि ती पट्टी माझ्या पात्यात धरली. कडक प्लास्टिक, वर चांदीसारखा पत्रा. कर्र, कर्र, कर्र. एकेक गोळी सुटी झाली आणि बटणांच्या डब्यात तळाशी गेली. ज्या हाताने मला कधी कागद दाखवला नाही, त्या हाताने मला हे करायला लावले. मला राग नाही आला. एकेक गोळी टाकताना काकू चोरासारख्या दाराकडे बघत होत्या, हे मला जास्त लागले.

त्यानंतर भीती दाटून आली की काकू डबा उघडत आणि एक गोळी गिळत. कधी लागोपाठ, कधी मध्ये बरेच दिवस सोडून. कुणाला विचारले नाही, कुणाला सांगितले नाही. आणि एका सकाळी त्यांनी मला टेबलावर नणंदेपुढे ठेवले.

"उचला, वन्सं. आजपासून बेतायचं काम तुमचं. मला आता जमायचं नाही."

"बोटं दुखतात म्हणून?"

"हो. आणि पुढचं काय सांगावं!"

नणंदेने हातातली सुई सोडली नाही. तिला मला उचलायचे नव्हते. पण एका वकीलबाईंचा काळा कोट द्यायची वेळ आली होती. तिने मला उचलले, काळे कापड पसरले आणि मी रेघेवरून निघाले. अर्ध्यावर मी अडले. त्या प्लास्टिकने माझी धार मारली होती. मी कापड कापायच्या ऐवजी चावू लागले. नणंदेने मला मागे घेतले, आणि माझ्या स्क्रूशी अडकलेला पत्र्याचा एक बारीक तुकडा काळ्या कापडावर पडून लखलखला.

तिने तो बोटावर उचलला. "वहिनी, या कात्रीने काय कापलंत?"

"कापड. दुसरं काय कापणार?"

"कापड असं चमकत नाही."

काकूंची नजर क्षणभर फळीकडे गेली. नणंदेने डबा खाली घेतला आणि टेबलावर पालथा केला. शर्टाची, कोटाची, झग्याची बटणे घरंगळत जमिनीपर्यंत गेली आणि त्यांच्यामध्ये ते चंदेरी चौकोन.

"हे काय आहे? बंद केल्या होत्या ना या?"

"उरल्या होत्या."

"अहो, उरलं-सुरलं जपायला ही काय चिंधी आहे?" नणंदेचा आवाज चढला. मग तिने काकूंचा चेहरा पाहिला आणि हातातला रिकामा डबा बाजूला ठेवला.

"ते परत आलंय, वन्सं," काकू म्हणाल्या. "मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"हाडं सांगतात."

"हाडांना डॉक्टरकी कधीपासून यायला लागली? ज्यांना येते त्यांना विचारलं का नाही?"

काकू खाली बसल्या. "विचारलं की उत्तर मिळतं," त्या म्हणाल्या, आणि लहान मुलासारख्या रडू लागल्या. नणंद त्यांच्याशेजारी बटणांतच बसली आणि तिने त्यांची आखडलेली बोटे आपल्या हातांत धरली. त्या दिवशी वकीलबाईंचा कोट पुढे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. वाटेत मला धार लावायला टाकायचे होते, पण धारवाल्याचे दुकान उघडले नव्हते. म्हणून मीही पिशवीतून डॉक्टरांच्या खोलीत पोचले. तिथे ट्रेमध्ये माझ्या काही श्रीमंत चुलत बहिणी चकाकत होत्या. मी पिशवीत अंग चोरून बसले.

डॉक्टर रागावल्या नाहीत. आधी त्यांनी सगळे ऐकून घेतले, मग सावकाश म्हणाल्या, "काकू, गोळी ज्या दिवशी थांबते, त्या दिवशी तिचा परिणाम थांबत नाही. शरीराची घडी नव्याने बसायला वेळ लागतो. कुणाला काही आठवडे, कुणाला कितीतरी महिने. बोटं, वाफा, रडू येणं, हे सगळं त्यात होऊ शकतं. पण मनाने गोळी घ्यायची नाही. अशी अधूनमधून घेतली तर उपयोग काही नाही, आणि काय कशामुळे होतंय ते मलाही कळणार नाही."

"आणि पाठ?"

"पाठ मी तपासणार. अंदाजावर सोडणार नाही. अंदाज तुम्हीही करायचा नाही."

तपासण्या झाल्या. निकाल येईपर्यंत काकूंनी काही शिवले नाही. नुसत्या बसून बटणे निवडत राहिल्या, काळी वेगळी, पांढरी वेगळी. मी धार लावून आले होते, पण मला कुणी हात लावला नाही. शेवटी निकाल आला. हाडांत काही नव्हते. पाठीचे स्नायू आखडले होते, त्याला व्यायाम सांगितला. "पुन्हा कधीच येणार नाही ना?" काकूंनी विचारले, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "असं मी खोटं सांगणार नाही. पण आज नाही. आणि नवं काही वाटलं तर आधी मला सांगायचं. बटणांच्या डब्याला नाही." हे काकूंनी घरी येऊन नणंदेला दोनदा सांगितले, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्या हसल्या.

उरलेल्या गोळ्या दवाखान्यात परत गेल्या. काकूंनी जन्मात पहिल्यांदा उरलेले काही देऊन टाकले! आता दोघी दुकान उघडण्याआधी चालून येतात. वाफ आली की काकू खोलीला दोष देत नाहीत. सरळ म्हणतात, "वन्सं, आली." नणंद खिडकी उघडते. त्यांनी स्वतःसाठी सुती, सैल, पुढून पटकन काढता येणारे जाकीट शिवले आहे. रडू आले तर रडतात, मग तोंड धुऊन कामाला लागतात. बोटे हळूहळू सुटू लागली आहेत. रोज नाही. चार दिवस बरे, मग एक वाईट.

अशाच एका बऱ्या दिवशी नणंदेने नवे कापड टेबलावर पसरले, खडूने रेघ मारली आणि मला काकूंपुढे ठेवले. हातात दिले नाही. ठेवले, आणि हात मागे घेतला.

"उचला, वहिनी."

काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी बोटे उघडली, मिटली, पुन्हा उघडली, अगदी त्यांच्या वडिलांनी दुकानात मला पारखले होते तशी, आणि मला उचलले.

मित्रांनो, धार लावली तरी माझ्या पात्यावर एक जागा राहिली आहे. तिथे मी अजून किंचित अडते. तुमच्या घरातही कुणी मोठ्या आजारातून उठले असेल, त्यांचे औषध संपले असेल, तर "आता बरे झालात ना!" एवढे म्हणून निघून जाऊ नका. कुठे दुखते ते विचारा, आणि ते सांगू लागले की थांबून ऐका. आम्हा लोखंडाच्या अवजारांची धार दगडावर परत येते. माणसाला आधी कुणाला तरी सांगावे लागते.

काकूंना माझी ती जागा ठाऊक आहे. तिथे आले की त्या घाई करत नाहीत. थांबतात, बोटे मोकळी करतात आणि पुढे कापू लागतात.