शिट्टीविना एक सकाळ

उद्या सकाळचा एक तास घरी बसण्यात आपल्या पदरात काय पडणार, याचा हिशेब शिट्टीमावशी शेंगा सोलता सोलता मांडत होती. समोर धाकटी जाऊ बसली होती. मांडीवर फाईल, डोळ्यांवर नवा चष्मा. तिनं एकाही शेंगेला हात लावला नव्हता, हेही हिशेबात धरलं गेलं.

शाळेसमोरच्या रस्त्यावर पांढरे पट्टे आणि सिग्नल हवा, म्हणून धाकटीनं वर्षभर अर्ज केले, दारोदार सह्या गोळा केल्या, पायी चालणाऱ्यांची समिती काढली. गल्लीत तिचं नावच आता 'समिती' पडलं होतं. अखेर रस्ते खात्याला जाग आली. त्यांचा मोजणीवाला उद्या आठ ते नऊ तिथे उभा राहणार होता; माणसं किती खोळंबतात, गाड्या थांबतात की नाही, ते लिहून नेणार होता.

"तुमची शिट्टी वाजली की सगळं थांबतं, वहिनी," धाकटी म्हणाली. "तो म्हणेल, इथे अडलंय काय? एकच दिवस येऊ नका."

थोरली शाळेत शिपाई. नोकरी घंटा वाजवायची. रस्ता तिनं एकोणीस वर्षांपूर्वी आपण होऊन अंगावर घेतला होता. सिग्नल आला तर गुडघ्यांना विसावा, एवढीच तिची जमा. जाणार होतं ते मात्र बरंच. दीडशे पोरांचं 'मावशी, सोडा ना', ट्रकवाल्यांवरचा वचक, पोरांच्या आयांनी लांबून हलवलेले हात. आणि हे सगळं जाणार कुणाच्या खाती? तर लग्न होऊन आली तेव्हा हाच रस्ता ओलांडायला जी थोरलीचा पदर घट्ट धरायची, तिच्या. मुख्याध्यापक आता धाकटीला उठून खुर्ची देत. थोरलीला त्यांनी एकोणीस वर्षांत फक्त किल्ल्या दिल्या होत्या.

"बघते," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पावणेआठलाच ती रस्त्यावर हजर. इस्त्रीची साडी, राखेनं घासलेली शिट्टी. त्या दिवशी तिनं जे काम केलं, तसं कधी केलं नव्हतं. मालाचा ट्रक एका बोटावर थांबवला. मोटरसायकलवाल्यांना नुसत्या नजरेनं मागे सारलं. एका आजोबांना तर गरज नसताना पलीकडे नेऊन परत आणलं. मोजणीवाल्यानं पेन खिशाला लावलं आणि हसून विचारलं, "मावशी, तुम्ही असताना सिग्नल हवाय कशाला?"

ते वाक्य तिनं जपून घरी नेलं. पलीकडे धाकटी फाईल छातीशी धरून उभी होती. रात्री ती जेवायला उठली नाही, तेवढ्यानं थोरलीला जेवण गोड लागेना. महिन्याभरानं पत्र आलं : सध्याची व्यवस्था पुरेशी असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. "सध्याची व्यवस्था म्हणजे मी," असं तिनं दूधवाल्यालाही ऐकवलं.

मग एका गुरुवारी जिन्यात तिचा गुडघा अडकला. ती पोचली तेव्हा पंचवीस मिनिटं उशीर झाला होता आणि रस्त्याच्या मधोमध धाकटी हात पसरून उभी होती, मागे पोरांची रांग. कुणी थांबत नव्हतं. एका टेम्पोचा आरसा तिच्या हातातल्या फाईलला लागला आणि कागद रस्ताभर झाले, तरी ती हलली नाही. थोरलीच्या मनात पहिलं आलं ते हेच, की ही माझ्या जागेवर उभी आहे. मग तिला धाकटीचे पाय दिसले. ते लटलट कापत होते; नवी सून असताना कापायचे, अगदी तसेच.

शिट्टी वाजली. सगळं थांबलं. दोघींनी मिळून कागद वेचले.

"तो मोजणीवाला परत येईल का गं?" थोरलीनं संध्याकाळी विचारलं.

"तुमच्या सहीचा अर्ज लागेल. व्यवस्था तुम्ही आहात," धाकटी म्हणाली. टोमणा होता की माहिती, ते थोरलीला कळलं नाही. तिनं सही केली.

फेरमोजणीच्या दिवशी शिट्टी घरी डब्यात होती. शिक्षकांनी पोरं आठच्या आधीच बोलावून फाटकापाशी अडवून धरली होती, ती पलीकडून ओरडत होती, "मावशी, शिट्टी कुठंय?" थोरली दुसरीकडे बघत राहिली. चारचौघींसारखी एक बाई, रस्ता ओलांडायला उभी. एक पाऊल पुढे, दोन मागे. एका बोटावर थांबणारा तो ट्रकही आला. ड्रायव्हरनं भोंगा दाबला, खिडकीतून "ए म्हातारे, बाजूला हो" म्हणाला आणि निघून गेला. इतकी वर्षं तो शिट्टीला ओळखत होता.

सिग्नल चार महिन्यांत आला. फलकावर समितीचं नाव लागलं, धाकटीचा फोटो पेपरात आला, मुख्याध्यापकांनी भाषण केलं. थोरलीनं तो पेपर शेंगांच्या सालांखाली पसरला, पण फोटोची बाजू वर येणार नाही असा.

धाकटीनं आज स्वतःहून शेंगा पुढ्यात ओढल्या. मग फाईलमधून फेरमोजणीचा कागद काढून दिला. "यावर मंजुरी मिळाली, वहिनी. ही ओळ बघा." लिहिलं होतं : सर्वाधिक खोळंबा, वृद्ध महिला, एक. अकरा मिनिटे.

नाव नव्हतं. थोरलीनं ओळ दोनदा वाचली आणि पेन मागून घेतलं.

"अकरा नाही, तेरा," ती म्हणाली. "शाळेचं घड्याळ समोरच होतं." तिनं आकडा खोडून वर नीट अक्षरात तेरा लिहिलं, कागदाची घडी घातली आणि शिट्टीच्या डब्यात ठेवली.