क्रूस धुणारे पुरुष

दुपारी तीनला चिंचबेटावरच्या क्रूसातून रक्त आलं. गुडघाभर पाण्यात उभे असलेले एकोणतीस पुरुष एका सुरात ओरडले. तिसावा, इनास, ओरडायचं विसरून पाण्यातच बसला.

गडहिंग्लजच्या पुढं, नदीच्या दोन फाट्यांमधलं हे बेट. यायचं तर गूळ शिजवायच्या भल्यामोठ्या काहिलीत बसून तरंगत यावं लागतं, आणि गुड फ्रायडेला काहीलही बंद. त्या दिवशी चर्चची घंटा वाजत नाही, लाकडी खटखट्या वाजतो. जेवायला पेज. धुणं म्हणजे पाप. धुवायचा तो फक्त क्रूस, धुण्याच्या सोड्यानं, आणि तोही पुरुषांनीच. बाया चर्चमध्ये गाणी म्हणतात.

सत्त्याण्णव साली पेठ वडगावहून ब्रदर हंबीरराव आले. त्यांनी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी क्रूसाला स्वर्गीय लेप लावला. क्रूस फणसाच्या लाकडाचा, मुळातच पिवळा. लेप कुणाला दिसलाच नाही.

"बघा मंडळी!" ब्रदर गरजले. "दोन हजार वर्षं थांबलेलं रक्त! आणि निघालं कुठं? रोमात न्हाय, चिंचबेटात! हेच पाणी आजाऱ्याला पाजा, औषधं नदीत सोडा. गोळी म्हंजे देवावर संशय!"

इनासच्या सात वर्षांच्या प्रीतीला फिट यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्यांमुळं दोन वर्षं आल्या नव्हत्या. संध्याकाळची गोळी चुकू नये म्हणून पाकीट त्याच्या खिशातच असे. त्यानं ते काढलं आणि पाण्यावर धरलं.

ओरडा ऐकून बाया धावत आल्या. पुढं त्याची बायको कतरिन.

"अवो, काय करताय?"

"गप बस. रक्त आलंय."

कतरिननं पाकीट हिसकावलं, वाकून रक्त बघितलं. "ह्ये व्हय? दर सोमवारी तुमच्या सदऱ्यातनं येतंय की!"

पुरुषांना कळेना. त्यांच्यातल्या एकानंही जन्मात सदरा धुतला नव्हता. रविवारी रश्श्यानं पिवळा झालेला सदरा मंगळवारी पांढरा होऊन खुंटीवर येतो, हा त्यांच्या मते निसर्गनियम होता.

"हळदीला सोडा लागला की लाल हुतंय. इचारा ह्यास्नी."

सगळ्या बायांनी माना हलवल्या.

"बाई, तुमच्या पापानं रक्त आटंल!" ब्रदर किंचाळले.

"आटत न्हाय, पिवळं हुतंय. थांबा." तिनं लाल पाणी तांब्यात घेतलं आणि पेजेसाठी आणलेलं लिंबू त्यात पिळलं. पाणी पिवळं पडलं.

"आयला, रक्ताला कावीळ!" मागनं कुणीतरी म्हणालं.

ब्रदर काहिलीकडं पळाले. पण काहील बंद. शनिवारपर्यंत ते चर्चच्या पायरीवर बसून पेज प्यायले.

संध्याकाळी इनासनं गोळी पुढं केली. प्रीती म्हणाली, "पप्पा, आज उपास हाय. गोळी चालती?"

"चालती. देवाला फिट येत न्हाईत, तुला येत्यात."

तिनं गोळी गिळली.

श्रद्धा ज्याची त्यानं खुशाल ठेवावी. पण औषध टाकून द्या म्हणणारा कुणी भेटला, तर त्याचा चमत्कार आधी एकदा धुऊन बघावा.