ट्रॅक्टरच्या ट्यूबनं पाहिलेला समुद्र

मी ट्यूब बोलतेय. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकातली, काळ्या रबराची, अंगावर चार ठिगळं असलेली. आत्ता मी समुद्रकाठच्या पांढऱ्या वाळूवर पडून आहे, पण गाव विचाराल तर मी वलगावचीच. अमरावतीजवळचं वलगाव.

माझी पहिली नऊ वर्षं नत्थुजींच्या ट्रॅक्टरमध्ये गेली. टायरच्या आत काही दिसत नाही, पण कळतं सगळं. जमिनीत ओल किती आहे, शेताच्या बांधाचा धुरा कुठे संपला, आज गाडी चालवणारा माणूस रागात आहे की खुशीत. बाभळीचा काटा तीनदा आत घुसला, तीनदा मला बाहेर काढून ठिगळ लावलं. तेवढाच काय तो मला उजेड दिसला. नत्थुजी भला माणूस. उन्हाळ्यात गाडी उभी केली की आठवणीनं चाकांवर ओलं पोतं टाकायचे. ते उपकार मी विसरले नाही.

मग गाडीला नवे टायर आले, नव्या ट्यूबा आल्या आणि मला गोठ्यातल्या खुंटीवर टांगलं. पाच वर्षं मी तिथंच लोंबकळले. गांधीलमाश्यांनी माझ्या अंगावर घर केलं, ते मोडून पडलं, त्यांनी पुन्हा केलं. माणसांचं एक मी पाहिलंय. वस्तू टाकत नाहीत आणि तिच्याकडे बघतही नाहीत.

एका ऑक्टोबरात सकाळी इंदूबाई आल्या. इंदूबाई वलगावच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं, नत्थुजींची दोन्ही मुलं धरून. आता निवृत्त होऊन त्या बडनेऱ्याला राहायच्या. नत्थुजींच्या बायकोला, दुर्गाबाईंना, त्यांनी पर्समधून एक कागद काढून दाखवला.

"पिंकीनं बोलावलं आमाले. डिसेंबरात."

पिंकी त्यांची एकुलती एक लेक. आफ्रिकेत दार-ए-सलामला शाळेत गणित शिकवते. आईबापांना आठवडाभर झांझिबार बेटावर न्यायचं तिच्या मनात होतं आणि रोज काय करायचं त्याची यादी तिनं पाठवली होती. एक दिवस जुन्या शहरातल्या गल्ल्या, एक दिवस लवंगांची बाग, एक दिवस मोठाली कासवं. चौथ्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'नावेनं खडकापर्यंत जायचं, पाण्यात उतरून मासे पाहायचे.' त्या ओळीवर कोणीतरी पेनानं दाबून काट मारली होती.

"हे कोणं खोडलं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"यायनंच. म्हणते, पाण्यात मी नाई जात अन् तूही नाई जायाचं."

'यायनं' म्हणजे देवमनजींनी, इंदूबाईंच्या नवऱ्यानं. बडनेरा स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन म्हणून त्यांनी नोकरी केली. त्यांचा धाकटा भाऊ भगवंत एकोणिसाव्या वर्षी पेढी नदीच्या पुरात त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. हे दोघं सोबतच पोहायला उतरले होते. त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून देवमनजींनी अंघोळीच्या बादलीपलीकडचं पाणी पाहिलं नव्हतं.

"त्यायचं मले समजते, दुर्गाबाई. पण मले मासे पाहाचे हाय. जनमभर लोकायच्या बाया बाळंत केल्या, सोतासाठी काई मांगतलं नाई. तुमी पूर्णाकाठच्या. पोह्याले शिकवान का मले?"

दुर्गाबाई सरळ उठल्या. गोठ्यात आल्या आणि खुंटीवरून त्यांनी मला उतरवलं.

संत्र्याच्या बगीच्यात पायऱ्यांची जुनी विहीर आहे. नत्थुजींनी माझ्यात हवा भरली, मला दोर बांधला आणि बायकांची शिकवणी म्हणून ते लांब निघून गेले. दुर्गाबाई नऊवारीचा कासोटा घट्ट मारून साठाव्या वर्षी पाण्यात अशा शिरल्या की मी बघतच राहिले. इंदूबाई मात्र तिसऱ्या पायरीवर थबकल्या.

"माही आई आमच्या गावात विहिरीपासून दूर उभी राहे," त्या म्हणाल्या. "कोणी वरून ओतलं तर पाणी. आन् मी आज विहिरीत पाय टाकून राहिली."

दुर्गाबाई पाण्यात उभ्या होत्या. त्या पायरीजवळ सरकल्या.

"माह्या सासूनंही असंच वरून ओतलं असंन कोणाले," त्या म्हणाल्या. "या, नर्सबाई. हात द्या."

इंदूबाईंनी हात दिला आणि दुसऱ्या हातानं मला कवटाळलं. चौदा वर्षांच्या आयुष्यात मला कोणी असं धरलं नव्हतं. मी पाण्यावर तरंगू शकते हेही मला त्याच दिवशी कळलं.

रोज सकाळी शिकवणी सुरू झाली. देवमनजी बायकोला स्कूटरवर आणून सोडायचे. नत्थुजींनी "राम राम" केला की "जय भीम" म्हणायचे आणि संत्र्याच्या झाडाखाली विहिरीकडे पाठ करून बसायचे. पेपर हातात असायचा, पण पान उलटताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पाण्याचा प्रत्येक आवाज ते ऐकत होते.

नवव्या दिवशी माझ्या हातून घात झाला. इंदूबाई मला धरून विहिरीच्या मधोमध होत्या. दुर्गाबाई पायरीवर केस पिळत होत्या. आणि माझं तिसरं ठिगळ सुटलं. एवढा मोठा आवाज मी कधी केला नव्हता. मी मऊ पडले, इंदूबाईंचा हात सुटला, डोकं पाण्याखाली गेलं.

"इंदू!"

देवमनजी चपलांसकट पायऱ्या उतरले आणि त्यांनी उडी मारली. चाळीस वर्षं पाण्याला न शिवलेला माणूस चार हात मारून मधोमध पोचला. तोवर इंदूबाई शिकवल्याप्रमाणे पाठीवर पडल्या होत्या. हात पसरलेले, डोळे वर आभाळाकडे. खोकत खोकत म्हणाल्या, "आरामात या. मी बुडून नाई राहिली."

देवमनजी तिथंच पाणी मारत राहिले. आधी हसले. मग हसता हसता त्यांच्या तोंडून "भगवंता" एवढंच निघालं आणि त्यांनी ओल्या तोंडावर ओलाच हात फिरवला. दुर्गाबाईंनी मान वळवली. मी रिकामी होऊन बाजूला तरंगत होते. मला फार शरम वाटत होती, पण आज म्हणते, ते ठिगळ सुटलं हे बरंच झालं.

देवमनजींनी स्वतः मला बडनेऱ्याला मोतीराम पंक्चरवाल्याकडे नेलं. जुनं ठिगळ खरवडून त्यानं नवं मोठं लावलं, जवळची एक बारीक चीर दिसली तिथं चौथं लावलं. देवमनजींनी मला पाण्याच्या टाक्यात सगळीकडून तीनदा बुडवून पाहिलं, एकही बुडबुडा नाही अशी खात्री होईपर्यंत. मग मी त्यांच्या घरीच राहिले.

त्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी पिंकीचा व्हिडिओ कॉल यायचा.

"तिथं रेल्वे नाई? मंग पाहाचं काय?" देवमनजी विचारायचे.

"बाबा, बेटावर नाही. इकडं दार-ए-सलाममध्ये विजेवरची नवी गाडी आहे, त्यात बसू."

"लिही."

"आन् मले एक बाळंतपणाचा दवाखाना पाहाचा हाय," इंदूबाई म्हणायच्या.

"आई, सुट्टीत दवाखाना?"

"लिही म्हणते ना."

चौथ्या दिवसाची खोडलेली ओळ देवमनजींनी आपल्या हातानं पुन्हा लिहिली आणि पुढे जोडलं, 'दोघंही'. पिंकीनं पडद्यावर ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, "ट्यूब कशाला आणता? इथं जॅकेट मिळतात."

"जॅकेटाले मी ओळखत नाई," इंदूबाई म्हणाल्या. माझ्यातली हवा काढली, घडी घातली आणि मला चिवड्याच्या डब्याखाली ठेवून बॅग बंद केली.

समुद्र काय सांगू? विहिरीला काठ असतो. इथं नुसतं निळं हिरवं पाणी पसरलेलं. नाववाल्यानं माझ्यात हवा भरली, दोघांना जॅकेटं घातली, तरी इंदूबाईंचा एक हात माझ्यावर होता आणि देवमनजींचाही. काचेचे चष्मे लावून दोघांनी पाण्यात तोंडं घातली. माझ्याखालून पिवळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे जात होते. देवमनजी कितीतरी वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "काहून भेलो मी इतके दिवस? पाणी तं काई वाईट नाई, इंदू." इंदूबाईंनी त्यांचा हात दाबला. तो हात माझ्यावरच होता, म्हणून मला कळलं.

पाचव्या दिवसापुढे यादीत 'आराम' लिहिलं होतं. पण सकाळी ओहोटी लागली आणि गुडघाभर पाण्यात काम करणाऱ्या बायका दिसल्या. त्या समुद्रात दोऱ्यांवर शेवाळाची शेती करतात. ओलं शेवाळ पोत्यांत भरून काठापर्यंत ओढत आणतात. इंदूबाई सरळ तिकडे गेल्या. एका वयस्क बाईनं नाव सांगितलं, "आशा."

"अगंबाई, आमच्या गल्लीतही हाय आशा!"

पिंकीनं मोडक्यातोडक्या स्वाहिलीत दुभाषाचं काम केलं. आशाबाई पाठ धरून उभ्या होत्या. इंदूबाईंनी पोत्याकडे पाहिलं, पाठीकडे पाहिलं. मग मला उचललं, पाण्यावर ठेवलं, वर पोतं टाकलं आणि दोर आशाबाईंच्या हातात दिला. पोतं एका बोटानं ओढलं गेलं. आशाबाई मोठ्यानं हसल्या.

निघायच्या दिवशी इंदूबाई माझ्याजवळ उकिडव्या बसल्या. माझ्या चारही ठिगळांवरून त्यांनी हात फिरवला. "राह्य बापा इथं. कामाची हायेस," एवढंच म्हणाल्या.

म्हणून मी इथं आहे. मीठ अंगाला लागतं, ऊनही कडक आहे. रबर किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. पण माझी तक्रार नाही. ओलं पोतं टाकणारे नत्थुजी, खुंटीवरून उतरवणाऱ्या दुर्गाबाई, टाक्यात तीनदा बुडवून पाहणारे देवमनजी, आणि मला पहिल्यांदा कवटाळणाऱ्या इंदूबाई, सगळ्यांकडून मला खूप काही मिळालं. तुमच्याही गोठ्यात एखादी ट्यूब लोंबकळत असेल. तिला जाळू नका. उतरवा, हवा भरा, आणि घरात पाण्याला भिणारं कोणी असेल तर त्याच्या हाती द्या.

भरती चढायला लागली. आशाबाईंनी तिसरं पोतं बांधलं, दोर हातात घेतला. आज शेवाळ भरपूर आहे. येते मी.