बिअरच्या डब्याची चकती

कॉलिनला स्वतःच्या हातांचा भारी अभिमान होता, आणि तो अगदीच पोकळ होता असं नाही. तुंबलेल्या मोरीपासून गवत कापायच्या यंत्रापर्यंत घरातलं काहीही त्याने कधी बाहेरच्या माणसाला शिवू दिलं नव्हतं. त्यामुळे आपल्या डिझेलच्या फोर-व्हील-ड्राइव्हला ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह आहे आणि तो इंजिनाला स्वतःचाच धूर परत गिळायला लावतो, हे कळल्यापासून त्याला चैन पडेना.

"स्वतःचं ओकलेलं पुन्हा खायला घालतात बिचाऱ्याला," तो बायकोला, जेनीनला, म्हणाला. "कसं पळेल ते?"

उपाय गावात सगळ्यांना माहीत होता. व्हॉल्व्हच्या सांध्यात पोलादी चकती घालायची आणि धुराची वाट बंद करायची. कायद्याला ते मान्य नव्हतं, पण कायदा शहरात राहतो, असं कॉलिनचं मत होतं. मागवलेली चकती टपालाने वेळेत आली नाही आणि निघायचा दिवस तर ठरलेला. मग त्याने बिअरचा रिकामा डबा घेतला, स्वयंपाकघरातल्या कात्रीने त्याचीच एक चकती कापली आणि बसवून टाकली. हात काळे झालेच आहेत तर म्हणून टर्बोचा दाब वाढवला, डिझेलही सढळ हाताने सोडलं. पहिल्याच फेरीला गाडी अशी उसळली की जेनीनच्या मांडीवर चहा सांडला. तिने शिव्या घातल्या, पण कौतुकाने.

प्रवास होता तो जेनीनच्या आईसाठी, मर्लसाठी. मर्लचं हृदय कमजोर, जीभ मात्र ठणठणीत. पश्चिमेकडच्या ज्या कुरणावर तिच्या नवऱ्याने जन्मभर गुरं राखली, तिथेच त्याला पुरलं होतं. डोळे पुरते जायच्या आत ती कबर एकदा बघायची, एवढंच तिचं मागणं होतं. मागच्या सीटवर ती फ्रूट केकचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. केक नवऱ्याच्या आवडीचा होता आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, असं तिने निघतानाच बजावलं होतं.

डांबर संपलं, तांबडी धूळ सुरू झाली. तिथले सगळे करतात तेच कॉलिनने केलं. काचा घट्ट लावल्या आणि बाहेरची हवा आत घेणारा पंखा पूर्ण सोडला. आत हवा कोंबलेली असली की फटीफटींतून धूळ शिरत नाही. हे तो वडिलांकडून शिकला होता, वडील आजोबांकडून.

"काहीतरी जळतंय," मर्ल म्हणाली.

"तुझी पावडर असेल, म्हातारे," कॉलिन म्हणाला.

"माझी पावडर गुलाबाची आहे. हा रॉकेलच्या दिव्यासारखा वास आहे."

"नव्या दमाचं इंजिन आहे. थोडा घाम येणारच त्याला."

चढ लागला आणि बॉनेटखालून बारीक शीळ ऐकू येऊ लागली. कॉलिनचा चेहरा उजळला. त्याने जेनीनला कोपराने ढोसलं.

"ऐकलंस? टर्बो गातोय."

"गाऊ दे, पण हा वास मला सहन होत नाही," मागून मर्ल म्हणाली. "कॉलिन, डोकं धरलंय माझं. काच उघड जराशी."

"म्हणजे धूळ खात जायचं? मर्ल, आता पुन्हा वासाचं नाव काढलंस ना, तर इथंच उतरवीन. बस मग कांगारूंना सांगत, कसला वास येतो ते."

जेनीन खळखळून हसली.

मग सगळं फार छान झालं. मागून तक्रार नाही, सूचना नाहीत, वेग कमी कर नाही. कॉलिनने आरशात पाहिलं. म्हातारी काचेला डोकं टेकून झोपली होती.

"बघ तुझ्या आईला. गाल कसे गुलाबी झालेत. लग्नानंतर पहिल्यांदा इतकी शांतता मिळतेय मला."

जेनीनचं डोकं ठणकत होतं. तिने उन्हाला दोष दिला. वाटेत कुरणाच्या कुंपणाचं फाटक आलं की शेजारी बसलेल्याने उतरून उघडायचं, हा तिकडचा रिवाज, म्हणून दर फाटकाला ती उतरायची. बाहेर तिला बरं वाटायचं आणि आत बसलं की पुन्हा मळमळायचं. कॉलिनही फाटकापाशी खाली उतरायचा, गाडीभोवती फिरून ती शीळ ऐकायचा आणि खूश होऊन परत बसायचा. मर्ल तेवढी आतच होती.

शेवटचं फाटक आलं. त्याच्यापलीकडे कुरणाच्या मालकिणीच्या घराचं छप्पर दिसत होतं. जेनीनने कडी काढली आणि फाटकाला धरूनच गुडघ्यांवर बसली. तिला भडभडून उलटी झाली.

"या वयात चांगली बातमी की काय?" असं म्हणत कॉलिन उतरला, आणि त्याचेच पाय लटपटले. त्याने दाराला धरलं. समोरचं क्षितिज हळूहळू कलत होतं. त्याने मागे वळून आत पाहिलं.

मर्लची वरची कवळी ओठांवर घसरून आली होती.

"मर्ल," तो म्हणाला. मग मोठ्याने, "मर्ल."

केकचा डबा पायाशी पडलेला होता. त्याने दार उघडलं तशी काचेचा आधार सुटून ती त्याच्या अंगावर कलली, तिचा हात लोंबला. आतून डिझेलच्या धुराचा भपकारा आला. सकाळपासून तो वास त्याच्या नाकात होता आणि आत्ता पहिल्यांदा त्याला तो आला. त्याने तिला ओढून काढली, रस्त्याकडेच्या खड्यांवर आडवी केली, कवळी काढून खिशात टाकली. तिचा श्वास चालू होता, पण इतका उथळ की त्याला गाल तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

जेनीन सरपटत आली. "आई," ती म्हणत होती, "आई, आई."

कॉलिनने गाडीतल्या बिनतारी रेडिओवरून त्या घराला हाक दिली. मालकीणबाई नोलीन ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन निघते म्हणाली, विमानाने येणाऱ्या डॉक्टरांनाही बोलावते म्हणाली. इंजिन अजून चालूच होतं, आणि शीळही. कॉलिनने जाऊन बॉनेट उघडलं.

त्याची चकती उरलीच नव्हती. जास्तीच्या डिझेलच्या आचेने बिअरचा डबा वितळून गेला होता, त्याच्याबरोबर सांधा ढिला झाला होता, आणि त्या फटीतून धूर शीळ घालत बाहेर येत होता. काजळीचा पट्टा थेट काचेखालच्या जाळीपर्यंत गेला होता. तीच जाळी बाहेरची हवा आत घेत होती. पंखा त्याने पूर्ण सोडला होता. स्वतःच्या हाताने.

त्याला एकदम इतकी थंडी वाजली की दात वाजू लागले. दुपारच्या उन्हात, तापलेल्या इंजिनासमोर तो कापत उभा राहिला. इंजिन बंद करायला किल्ली फिरवायची असते, हे आठवायलाही त्याला वेळ लागला.

"कॉलिन, काय आहे तिथं?" जेनीनने विचारलं.

त्याने सांगितलं. उतरवून टाकायच्या त्या धमकीवर तीही हसली होती, हे दोघांनाही आठवत होतं.

घराकडून धुळीचा लोट निघालेला दिसला. कॉलिन मर्लजवळ गुडघे टेकून बसला आणि टोपीने तिला वारा घालू लागला, जणू इतक्या मोकळ्या माळावर तिला हवा कमी पडली असती. बऱ्याच वेळाने तिच्या पापण्या हलल्या. तिने हाताने खाली चाचपलं, खडे लागले. आभाळ पाहिलं, गाडीचं चाक पाहिलं, मग त्याला पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती. या बाईला घाबरलेली त्याने कधीच पाहिली नव्हती.

"मी पुन्हा नाव नाही काढलं रे वासाचं," बोळक्या तोंडाने ती म्हणाली. "मग उतरवलंस कशाला?"