रावेरहून एकेचाळीस क्लिक

बाहीच्या कडेला तो डाग होता—केळीच्या चिकाचा, काळपट, मसुरीच्या दाण्याएवढा—आणि माउस हलला की तोही टेबलावर पुढे-मागे सरकत होता. आईने तीनदा घासला, गेला नाही. मयुरीने लाजून बाही आत दुमडली आणि पुन्हा पडद्यावरच्या ओळीकडे पाहिलं. रावेर, एकेचाळीस क्लिक. बाकी अख्ख्या जिल्ह्यातून तीन.

साडेदहालाच आजचं बजेट संपलं होतं. म्हणजे आता दिवसभर कुणी केळीची रोपं शोधली तरी नर्सरीची जाहिरात त्याला दिसणार नव्हती. हितेंद्र सर तिच्या मागे उभे होते. जळगावातल्या या तीन टेबलांच्या जाहिरात एजन्सीत सगळं त्यांनीच शिकवलं होतं—माणूस शोधतो म्हणजे त्याला काहीतरी हवं असतं, त्याच्या गरजेचे शब्द आपण ओळखायचे, आणि प्रत्येक क्लिक मालकाच्या खिशातून जातो. ही तिने एकटीने केलेली पहिली जाहिरात. जमली तर पुढच्या महिन्यापासून नोकरी, नाहीतर इंटर्नशिप संपली की गावी परत... आणि मग भावकी म्हणायला मोकळी.

"फोन सगळे वेगवेगळे आहेत," सर म्हणाले. "हा तिथल्या दुसऱ्या नर्सरीवाल्याचा उद्योग. माणसं लावून दाबतोय. मी आपल्या नर्सरीच्या मालकांना त्याचं नाव सांगतो. तू तोवर रावेर वगळून टाक."

केळीची जाहिरात, आणि केळीचं रावेरच वगळून. ते आतल्या खोलीत गेले. हा उद्योग दुसऱ्या नर्सरीवाल्याचा नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

रविवारी रावेरला घरी गेली तेव्हा दुपारी ओट्यावर बसून तिने वडिलांना, आबांना दाखवलं होतं—हे शब्द लिहायचे, शोधा म्हणायचं, हे सगळ्यात वर आलं ना, ते मी लिहिलंय. आबांनी फोन लांब धरला, जवळ आणला, आणि म्हणाले, वाचून दाखव बरं. त्यांनी दोनदा ऐकलं. तीही फुगली होती, खोटं कशाला बोलायचं. मग त्यांनी जाहिरातीवर बोट ठेवलं, इतकं जपून, की या बोटाचेही पैसे लागतात हे तिला सांगवेना... तेवढं एक वाक्य राहिलं. तेवढंच.

फोन थरथरला. आबाच होते, मागे ट्रकची घरघर.

"समद्यायनं दाबलं व बाई. गाडी भरू राह्यले त्यायलेबी लावलं. बेबाकाकूले लिहिता येत नाही, तिले म्या शब्द काढून देल्ले. आजून दाबू का?"

तिने डोळे मिटले.

"आबा, आता नका दाबू."

पलीकडे आबांचा आवाज खाली आला.

"काही चुकलं का आमचं?"

तुमचं नाही, ती म्हणाली, मीच सांगायला विसरले. आबा बरं म्हणाले, आणि फोन बंद न करताच ट्रककडे वळून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, राहू द्या रे आता, पोरगी नको म्हनते. कुणी हसलं नाही. ते तिला फार लागलं.

पडद्यावर बाण रावेरवर थांबला होता. सकाळपासून या एकेचाळीसची तिला धास्ती होती, आता त्यांतले चेहरे ओळखू येऊ लागले—बेबाकाकू, घड उतरवून पँटला अंगठा पुसणारे हमाल, कधी न बोलणारा थोरला काका, कदाचित तोही. एकालाही रोपं नको होती. सरांनी शिकवलेल्या गरजेच्या यादीत हे कुठे बसवायचं, तिला कळेना... कुणालाच काही नको होतं, आणि तरी एवढी माणसं सकाळी कामं सोडून तिच्यासाठी तीन-तीन शब्द जुळवत बसली होती. त्यांच्यापायी चोरीचा आळ दुसऱ्याच कुणावर येणार होता. आणि तो आणणारे हात तिचे.

आत सर मालकांचा नंबर शोधत होते. रावेर वगळलं की गोष्ट मिटत होती, कुणाला कळणार नव्हतं, नोकरीही बहुधा मिळाली असती.

तिने माउस सोडला आणि उठली. दुमडलेली बाही आपसूक सुटली, ती तिने तशीच राहू दिली.

"सर, फोन लावू नका," ती दारातून म्हणाली.

पुढचं कसं सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं. फक्त सकाळची लाज आता उरली नव्हती.