डबीला न कळलेलं वाक्य

माझं काम सांगितलं की लोक हसतात. टीव्हीवरच्या एका अंतराळ मालिकेत परग्रहावरून आलेला एक म्हातारा आहे. तो जी भाषा बोलतो, ती मी बनवते. अकराशे चाळीस शब्द, वहीत लिहिलेले, व्याकरणासकट. चित्रीकरणाच्या वेळी मी मॉनिटरसमोर बसते आणि प्रत्येक शॉटनंतर दिग्दर्शक ओरडतो, "भाषाबाई, बरोबर?" मी अंगठा वर केला की शॉट पास. जगात ही भाषा दोघांनाच येते. एक मी, आणि दुसरे त्या म्हाताऱ्याचं काम करणारे नाना. म्हणजे, येत होती.

गेले अकरा दिवस नाना तोंडाला येईल ते बोलताहेत आणि मी अंगठा वर करतेय.

पहिल्या दिवशी मी भडकलेच होते. तीन वर्षं घासूनपुसून उभी केलेली भाषा, आणि हे काय चाललंय? शॉट संपल्या संपल्या तरातरा मेकअपच्या खोलीत गेले. नाना आरशासमोर बसले होते, गालावरचे रबरी कल्ले तसेच. हातात संवादांचा कागद. बोट पहिल्या ओळीवर, आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या लेकीनं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"ताई, हात जोडते, कुणाला बोलू नका," ती म्हणाली. "सहा महिने झाले. घरात त्यांना बाथरूमचं दार सापडत नाही. मला कधी ताई म्हणतात, कधी आई. पण इथं आले की ताठ बसतात, जेवतात, हसतात. मालिकेचे बाराच दिवस राहिलेत. मधेच काढून टाकलं ना, तर हा माणूस मोडेल हो."

तीन वर्षांपूर्वी हाच माणूस स्वतःची पेन्सिल घेऊन माझ्याकडे आला होता. "संवाद नंतर गं पोरी, आधी मला बोलायला शिकव," म्हणाला होता. चहाच्या टेबलापाशी मी त्यांना लहान मुलाला शिकवावीत तशी तीन वाक्यं शिकवली. पाणी द्या. परत सांगा. मी वाट चुकलोय. मग काय, नाना अख्ख्या युनिटकडे त्याच भाषेत पाणी मागत सुटले! माझी भाषा खरी तहान लागल्यावर वापरणारा तो पहिला माणूस. माझा जीव तेव्हाच जडला त्यांच्यावर.

म्हणून मी गप्प बसले. घरी येऊन त्यांचे चुकलेले शब्द वहीत नवे शब्द म्हणून लिहायला लागले, म्हणजे कुणी विचारलंच तर दाखवायला बरे. अकराशे चाळीसचे बाराशे सहा झाले. जेवताना मी मधेच उठायचे, फेऱ्या मारायचे, परत बसायचे. "पायाला भिंगरी बांधलीयेस का?" आई वैतागून म्हणायची.

आणि नेमकं ते पत्र आलं. आमची मालिका आज चित्रित होते आणि चार दिवसांनी दिसते. कुठल्याशा शाळेतल्या मास्तरांनी मंगळवारच्या भागातल्या एकोणीस चुका काढून पाठवल्या होत्या, पहिल्या वर्षीच्या भागांशी ताडून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, पत्र वाचताना माझे कान गरम झाले. मालिकेच्या लेखकानं ते बैठकीत माझ्यासमोर नाचवलं.

"बघ! तुझी भाषा आता तुलाच सांभाळता येईना," तो म्हणाला. "शेवटच्या भागात म्हाताऱ्याच्या गळ्यात दुभाषी डबी घालतो. हिरवा दिवा लागला की तो सरळ आपल्या भाषेत बोलणार. पानभर संवाद, डोळ्यांत पाणी, मालिका संपली."

माझ्या भाषेतल्या चुका सेटवर फक्त मला कळत होत्या. आपल्या भाषेत नाना अडखळले तर दिवे उचलणाऱ्यालाही कळलं असतं.

"डबीला कळणार कसं?" मी उठूनच उभी राहिले. "तीन वर्षं ज्याचा एक शब्द कुणाला लागला नाही, तो डबीला गुरुवारी सकाळी लागला? इतके दिवस काय कपाटात होती ती?"

"अगं, प्रकाशाच्या पुढे पळणारं यान चालतं तुला, आणि एवढीशी डबी चालत नाही?"

"यान चालतं, कारण ते कधी पळतं आणि कधी बंद पडतं हे तू पहिल्याच भागात सांगितलंस आणि पाळलंस. ही डबी म्हणजे गोष्ट अडली की पोतडीत हात घालायचा. प्रेक्षक दुधखुळे नाहीत, मास्तरांचं पत्र आहे ना तुझ्याच हातात!"

"खाली बस आधी. डोकं गरगरायला लागलं माझं."

बसवत कुठे होतं! टेबलाला दोन फेऱ्या घातल्या, आणि तिसरीला सुचलं. "बरं, घाल डबी," मी म्हटलं. "पण ती ऐकून ऐकून शिकते असं ठेव. जे वारंवार ऐकलंय तेवढंच तिला कळतं. आणि शेवटी म्हातारा जे बोलतो, ते तो आजवर कुणाशीच बोललेला नाही. दिवा लागतच नाही. सगळे नुसते त्याच्या तोंडाकडे बघत राहतात."

तो उंटावरचा शहाणा पाच मिनिटं कागदावर रेघोट्या मारत राहिला. मग म्हणाला, "थांब, मला एक भन्नाट सुचलंय," आणि माझंच मला ऐकवलं. म्हटलं, घे बाबा, तुझंच आहे. मास्तरांना मी उत्तर पाठवलं: माणूस आपल्या लोकांपासून लांब पडला की त्याची भाषा झिजते. खोटं नव्हतं त्यात काही.

बाराव्या दिवशी सकाळी शेवटचा शॉट. नानांच्या गळ्यात डबी, समोर यान चालवणाऱ्या मुलीचं काम करणारी नटी. नानांची लेक माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी.

"ॲक्शन!"

नानांनी सुरुवात केली. एक शब्द धड नाही, पण काय तो आवाज आणि काय ते थांबणं! मी सवयीनं वहीत उतरवत गेले. मग ते थांबले. नटीवरून नजर काढली, कॅमेऱ्याच्या बाजूनं सरळ माझ्याकडे बघितलं. आणि बोलले. स्वच्छ, प्रत्येक उच्चार जागच्या जागी, चहाच्या टेबलापाशी शिकवलं होतं अगदी तसं.

"मी वाट चुकलोय. परत सांगा."

डबीचा दिवा लागला नाही. नटीच्या गालांवरून खरं पाणी वाहत होतं. नाना माझ्यावरची नजर काढेनात. "परत सांगा," ते पुन्हा म्हणाले.

"कट! नाना, काय केलंत हो हे!" टाळ्या पडल्या. दिग्दर्शक नाक ओढत माझ्याकडे वळला. "भाषाबाई, बरोबर?"

अकरा दिवस सगळं चुकलेलं असताना माझा अंगठा झटकन वर जात होता. आज शब्दन् शब्द बरोबर होता आणि हात उचलेना.

"ताई, काय म्हणाले हो ते?" लेकीनं मागून विचारलं.

मी वही खुर्चीवर टाकली, दिव्यांखाली गेले, नानांचा हात धरला आणि परत सांगितलं, अगदी पहिल्या वाक्यापासून. पाणी द्या. नानांनी माझ्या ओठांकडे बघितलं.

"पाणी द्या," ते म्हणाले. आणि तिथंच थांबले. दुसरा हात पुढे केला.

"अहो बाई, बरोबर का?" दिग्दर्शक ओरडला.

"बरोबर," मी म्हटलं आणि त्यांच्या लेकीला हाक मारली. "नानांना तहान लागलीय. पाणी आण."